सातवी पास मास्तर

एके काळी आपल्या खेड्यांत व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा म्हणजे मोठी असामी. परीक्षा सातवीची, पण तेवढ्या शिदोरीवर तो मास्तर होई आणि देवळाच्या ओसरीवर एकटा तीन-चार इयत्ता सांभाळी. अशाच सातवी पास मास्तरांच्या भरवशावर आफ्रिकेतल्या एका गरीब देशाने आपली सगळी मुले शाळेत आणायचे ठरविले. तो देश टांझानिया.

त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे स्वतः शाळेत शिकविलेले. लोक त्यांना 'म्वालिमु' म्हणत. स्वाहिलीत याचा अर्थ शिक्षक. प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण देण्याची मुदत आधी १९८९ ठरली होती. १९७४ च्या नोव्हेंबरात मुसोमा येथे सत्ताधारी पक्षाने ती एकदम १९७७ वर आणली.

ठराव एका बैठकीत होतो. शिक्षक तसा होत नाही. हिशेबच करून पाहू या. १९७४ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे १२ लाख मुले होती. १९८० नंतर लवकरच ती ३५ लाखांच्या घरात गेली. म्हणजे जवळजवळ २३ लाखांची भर. एका वर्गात ४५ मुले धरली, तरी नवे शिक्षक लागतात ५० हजारांवर! अध्यापन विद्यालयांतून इतके शिक्षक बाहेर पडायला किती वर्षे गेली असती? आणि मूल काही थांबत नाही. सात वर्षांचे ते एकदाच असते.

म्हणून तिथे उलटी वाट धरली. आधी शिकून मग शिकवायचे, त्याऐवजी शिकवता शिकवता शिकायचे. १९७६ पासून सातवी झालेल्या तरुण-तरुणींना गावच्याच शाळेत नेमले. दिवसाचा काही वेळ त्यांनी वर्ग घ्यायचा, उरलेल्या वेळात स्वतः अभ्यास करायचा. पाठ टपालाने येत, काही नभोवाणीवरून ऐकायचे असत, आणि वर्गावर पर्यवेक्षकाची देखरेख असे. शेवटी काही आठवडे एकत्र राहून शिक्षण आणि मग परीक्षा. १९८४ पर्यंत या रीतीने सुमारे ४५ हजार शिक्षक उभे राहिले. हे जमले त्याचे एक मोठे कारण भाषा. १९६७ पासून प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली होते. मास्तरचे शिक्षण थोडे असले, तरी शिकवायची भाषा त्याच्या तोंडची होती.

मग सारे काही ठाकठीक झाले का? नाही. रेडिओची बॅटरी संपली की त्या दिवशीचा पाठ हुकला! वर्ग भरगच्च, पुस्तके अपुरी. त्यात १९७८-७९ चे युगांडाशी युद्ध आणि तेलाची महागाई. देशाची तिजोरी रिकामी झाली, पगाराची किंमत घसरली, १९८० नंतरच्या दशकात पालकांवर पुन्हा पैशाचा भार आला आणि भरलेल्या शाळा ओसरू लागल्या. दोष मात्र बहुधा बिचाऱ्या सातवी पास मास्तरच्या माथी आला.

२००२ च्या सुमारास प्राथमिक शाळेची फी बंद झाली. २००० मध्ये ४४ लाख असलेली मुले चार वर्षांत ७० लाखांवर गेली आणि तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी दहावी-अकरावीपर्यंत शिकलेले उमेदवार घेतले. त्यांना एक वर्ष विद्यालयात आणि एक वर्ष प्रत्यक्ष शाळेत शिक्षण दिले. वाट थोडी सुधारली, पण घाई तीच.

यातून आपण काय घ्यायचे? कच्चा मास्तर नेमणे ही चूक नव्हे. घर बांधताना पहिली वीट कच्च्या जमिनीवरच ठेवावी लागते. चूक होते ती त्याला कच्चाच सोडून देण्यात. नेमणुकीचा कागद हाती दिला की सरकारचे काम संपत नाही. त्याच्या हाती पुस्तक, पाठीशी जाणता माणूस आणि महिन्याला पोट भरेल एवढा पगार हवा. शिक्षक किती नेमले, हे पत्रकात लिहिता येते. त्यांतले किती दहा वर्षांनी अधिक चांगले शिकवू लागले, हे कळायला मात्र वर्गाच्या दारात जाऊन उभे राहावे लागते.