कापडावरील छपाईसाठी शाईची निवड

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्यानंतर कापडी पिशव्या शिवून त्यांवर नावे व बोधचिन्हे छापण्याचे काम ठिकठिकाणच्या महिला बचत गटांनी हाती घेतले. चौकटीवर ताणलेली जाळी, रबरी पट्टी आणि शाई एवढ्या साहित्यावर हा व्यवसाय सुरू करता येतो. परंतु पहिल्याच मागणीतील अक्षरे दोन धुण्यांत निघून गेली, तर अल्प भांडवलाच्या गटाला ते नुकसान सोसवत नाही. पुष्कळदा या अपयशाचे मूळ शाई व कापड यांचा मेळ न जमण्यात असते.

सुती कापड

मांजरपाट, खादी यांसारख्या फिकट रंगाच्या सुती कापडास पाण्यात कालवलेली पिगमेंट शाई योग्य ठरते. रंगद्रव्य स्वतः सुताला चिकटत नाही. शाईतील बाइंडर त्याला धरून ठेवतो. छपाई मऊ राहते व अवजारे पाण्याने स्वच्छ होतात. मात्र कोऱ्या कापडातील खळ आधी धुऊन काढली पाहिजे. अन्यथा शाई खळीवर बसते आणि खळीबरोबरच जाते.

गडद रंगाच्या कापडावर ही पातळ शाई उठून दिसत नाही. तेथे टायटॅनियम डायऑक्साइड असलेली अपारदर्शक पांढरी शाई किंवा प्लास्टिसॉल वापरतात. प्लास्टिसॉल ही पीव्हीसीची शाई होय. ती ठळक उमटते व जाळीत वाळत नाही. परंतु तिचा थर जाड असतो, तिच्यावरून थेट इस्त्री फिरविता येत नाही आणि जाळी स्वच्छ करण्यास द्रावक लागते. त्यामुळे काम हवेशीर जागी करावे.

पॉलिएस्टर

खेळाडूंचे सदरे बहुधा पॉलिएस्टरचे असतात. त्यांचा रंग उष्णतेने सुटून वरच्या छपाईत शिरतो. लाल सदऱ्यावरील पांढरे अंक काही दिवसांत गुलाबी होतात. म्हणून कमी तापमानात पक्की होणारी, पॉलिएस्टरसाठीच बनविलेली शाई मागावी.

वाळणे आणि पक्के होणे

छपाई वाळली म्हणजे पक्की झाली, असा समज सर्वत्र आढळतो. पिगमेंट शाई हवेत वाळते; पण बाइंडर पक्का होण्यास सामान्यतः सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णता तीन ते पाच मिनिटे मिळावी लागते. प्लास्टिसॉल तर हवेत वाळतच नाही. तिला बहुधा १६० अंशांच्या आसपास तापवावे लागते. नेमके प्रमाण डब्यावरील सूचनेनुसार ठेवावे. भट्टी नसल्यास पूर्ण वाळलेल्या पिगमेंट छपाईला कापडाच्या उलट बाजूने गरम इस्त्री देता येते. मात्र प्रत्येक भागास पुरेसा वेळ उष्णता मिळाली पाहिजे.

मागणीपूर्वीची चाचणी

ज्या कापडावर काम करावयाचे, त्याच कापडाच्या तुकड्यावर प्रथम छापून तो तापवावा. एक दिवसानंतर तो साबणाने पाच वेळा धुवावा व ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्याला रंग लागल्यास शाई किंवा उष्णता यांत उणीव आहे, असे समजावे.

शाळा व ग्रामपंचायतींनी मागणी नोंदविताना केवळ दराकडे न पाहता कापडाचा प्रकार लेखी कळवावा, धुतलेला नमुना मागावा आणि तो पसंत पडल्यावरच पुढील छपाईस संमती द्यावी. एका तुकड्याचा हा खर्च गटाचे भांडवल व ग्राहकाचा विश्वास, दोन्ही राखतो.