पेट्रोलची बचत आणि टायरची झीज
हायब्रिड मोटार वापरणाऱ्या कुटुंबांसाठी काही उपयुक्त विचार

गेल्या तीन-चार वर्षांत महाराष्ट्रातील अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारात हायब्रिड मोटार येऊन उभी राहिली आहे. 2022 मध्ये होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, त्याच वर्षी टोयोटाची हायरायडर व मारुतीची ग्रँड विटारा, पाठोपाठ इनोव्हा हायक्रॉस आणि 2023 मध्ये इन्व्हिक्टो अशी ही मालिका वाढत गेली. चार्जिंगची चिंता नाही आणि पेट्रोलचा खर्च मात्र लक्षणीय कमी, हे या वाहनाचे आकर्षण होय. हिशेबी मनाला हे गणित पटले, यात नवल नाही.

परंतु वाहन वीस-पंचवीस हजार किलोमीटर धावल्यावर अनेक घरांत एक निराळाच प्रश्न उपस्थित होतो. पुढच्या दोन टायरांची नक्षी जवळजवळ पुसली गेलेली असते. पूर्वीच्या पेट्रोल मोटारीचे टायर चाळीस हजार किलोमीटर सहज टिकले होते, मग याच गाडीचे इतक्या लवकर कसे झिजले? ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. टोयोटाने 1997 मध्ये जपानमध्ये प्रियस बाजारात आणली. पुढे ती अमेरिकेत गेल्यावर तेथील आरंभीच्या मालकांमध्येही टायरच्या अल्पायुष्याची चर्चा बरीच होती. यामागची कारणे समजून घेतली तर खर्च वाचतोच, शिवाय महामार्गावरून जाणाऱ्या कुटुंबाची सुरक्षितताही साधते.

झीज का होते?

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. ‘माइल्ड हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत विजेचे साहाय्य अल्प असते. त्यांच्या टायरांचे वर्तन सामान्य पेट्रोल गाडीसारखेच राहते. येथे विचार आहे तो ‘स्ट्राँग हायब्रिड’चा, म्हणजे जी गाडी केवळ विजेच्या मोटरवरही काही अंतर धावू शकते, तिचा.

पहिले कारण वजनाचे. इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर, बॅटरी आणि विजेचे नियंत्रण करणारी यंत्रणा आली की वाहनाचा भार वाढतो. हा सर्व भार रस्त्यावर तोलून धरतात ती तळहाताएवढी चार ठिकाणे, प्रत्येक टायरचे एक.

दुसरे कारण मोटरच्या स्वभावाचे. पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोर लावण्यासाठी आधी वेग घ्यावा लागतो. विद्युत मोटर मात्र स्थिर अवस्थेतूनच आपला पूर्ण जोर चाकाला देते. हायरायडरच्या मोटरचा हा जोर 141 न्यूटन मीटर, तर हायक्रॉसच्या मोटरचा 206 न्यूटन मीटर आहे. शहरातील प्रत्येक सिग्नलवर पाय थोडा अधिक दाबला गेला, की पुढचे टायर रस्त्यावर किंचित घासतात. हे घासणे ना ऐकू येते, ना जाणवते; पण दिवसाला पन्नास वेळा घडले की त्याचा हिशेब रबरावर उमटतो.

तिसरे कारण ब्रेकचे. हायब्रिडमध्ये वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते आणि वाहनाची गती पुन्हा विजेत साठवते. इंधनाची बचत होण्यात या युक्तीचाही वाटा असतो. आपल्याकडील वर उल्लेखिलेल्या सर्व स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत मोटर पुढच्या चाकांना जोडलेली आहे. म्हणजे गाडी ओढणे पुढच्या चाकांकडे, वळवणे त्यांच्याकडे आणि हलका ब्रेक लावताना रोखणेही प्रामुख्याने त्यांच्याकडेच. मागचे टायर त्या मानाने निवांत असतात. पुढची जोडी आधी झिजते ती यामुळे.

यातून एक अनपेक्षित दुष्परिणाम संभवतो. मोटर ब्रेकचे काम करीत असल्याने ब्रेक पॅड दीर्घकाळ टिकतात. ही चांगलीच गोष्ट होय. परंतु साध्या गाडीत पॅड बदलताना चाक उतरते आणि कारागिराची नजर टायरच्या आतल्या कडेवर पडते. हायब्रिडचे चाक क्वचितच उतरते. आतली कड पार झिजून तारा दिसू लागल्या तरी बाहेरून टायर उत्तम दिसतो.

चौथे कारण खुद्द टायरचे. हायब्रिड गाडीला कारखान्यातून बहुधा कमी ‘रोलिंग रेझिस्टन्स’ असलेले, म्हणजे लोळताना कमी ऊर्जा खाणारे टायर बसवले जातात. टायर फिरताना सतत चेपतो व पूर्ववत होतो. त्यात काही इंधन उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय 10 टक्क्यांनी कमी केला तर इंधनात साधारण 1 ते 2 टक्के बचत होते. मायलेजचा आकडा आकर्षक दिसावा म्हणून उत्पादक अशा टायरना पसंती देतात. पण कमी ऊर्जा, ओल्या रस्त्यावरची पकड आणि दीर्घायुष्य या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे साधणे कठीण असते. काही टायरांत ऊर्जा वाचवण्यासाठी नक्षीची खोलीच मुळात थोडी कमी ठेवलेली असते. जितके रबर कमी, तितके आयुष्य कमी.

हवेचा दाब

ही चारही कारणे वाहनाच्या रचनेतील आहेत. त्यांवर मालकाचा अधिकार नाही. मात्र पाचवे आणि सर्वांत मोठे कारण त्याच्याच हाती आहे. ते म्हणजे हवेचा दाब.

दाब कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात. दाब फाजील असेल तर मधला पट्टा झिजतो. अधिक मायलेजच्या मोहाने काही जण पंपावर चार-पाच पीएसआय जास्त हवा भरून घेतात. त्यांची गाडी थोडी हलकी धावते खरी, पण टायरचा मध्यभाग लवकर जातो आणि पावसात पकड घटते. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर दोष बहुधा अलाइनमेंटचा असतो. नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांनी हलकेच फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाके सरळ रेषेत धावत नाहीत असे समजावे.

योग्य दाब कोणता, हे पंपावरील मुलाला विचारू नये. चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत तो छापलेला असतो. पूर्ण प्रवासी आणि सामान असताना लागणारा दाबही बहुधा तेथेच असतो. सात जण आणि त्यांच्या बॅगा घेऊन लग्नकार्याला निघालेल्या गाडीला रोजच्या पेढीवरच्या फेरीइतकी हवा पुरत नाही.

दाब थंड टायरमध्येच मोजावा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. तापमान 10 अंशांनी बदलले की दाब सुमारे 2 पीएसआयने बदलतो. पंक्चर नसतानाही टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा गमावतो. डॅशबोर्डवरील इशारा दिवा दाब बराच घटल्यावरच लागतो. त्यावर विसंबून राहू नये. नायट्रोजनचाही फार बाऊ करू नये. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. नियमित तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवावी, हा समज विदर्भ-मराठवाड्यात खोल रुजलेला आहे, आणि तो धोकादायक आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक चेपतो आणि म्हणूनच अधिक तापतो. समृद्धी महामार्गासारख्या 701 किलोमीटरच्या सलग रस्त्यावर ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेने तासन्‌तास धावताना ही उष्णता साठत जाते. टायर फुटून तेथे झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायरांची तपासणी हाती घ्यावी लागली होती. त्या बातम्या वाचून हळहळणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या गाडीचे चार टायर एकदा पाहिले तर ते अधिक उपयोगाचे ठरेल.

खर्चाचा ताळेबंद

हिशेबाची भाषा ज्यांच्या अंगवळणी आहे, त्यांनी एक उदाहरण मांडून पाहावे. समजा, गाडी वर्षाला 18,000 किलोमीटर धावते. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी 1,200 लिटर पेट्रोल घेईल. 22 किलोमीटर देणारी हायब्रिड सुमारे 818 लिटर. लिटरला 100 रुपये धरले तर वर्षाची बचत 38,200 रुपये झाली.

आता टायर. चार टायरांचा संच 36,000 रुपयांचा धरू. तो 40,000 किलोमीटर टिकला तर खर्च किलोमीटरला 90 पैसे. 20,000 किलोमीटरला संपला तर 1 रुपया 80 पैसे. वर्षाकाठी हा फरक 16,200 रुपयांचा होतो, म्हणजे पेट्रोलमध्ये वाचलेल्या रकमेतील चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा टायरने परत घेतला. प्रत्येकाने यात आपापले आकडे घालावेत; निष्कर्षाची दिशा बदलणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हा थोडा दिलासा आहे. पण झीज रोखण्याइतकी बचत कोणत्याही करसवलतीत नाही.

ती रोखण्याचे उपाय साधे आहेत. दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला पुढचे टायर मागे व मागचे पुढे करून घ्यावेत. त्याच वेळी अलाइनमेंट व बॅलन्सिंग तपासावे आणि चाके उतरलेली असतानाच आतल्या कडा डोळ्यांनी पाहाव्यात. मोठा खड्डा जोरात बसला असेल तर ठरलेल्या किलोमीटरची वाट पाहू नये. गाडी घरातील तरुण चालवीत असतील तर सिग्नलवरून हळुवार निघण्याचे महत्त्व त्यांना समजावून सांगावे. ‘इको’ मोड वापरल्यास ते आपोआप साधते.

नवे टायर घेताना

टायरच्या खोबणीत ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली. ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसाळ्यात पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी कमी होते, म्हणून जूनपूर्वीच निर्णय घेणे शहाणपणाचे.

टायरवरील 215/60 आर 17 यासारख्या मापापुढे 96 एच असे काही लिहिलेले असते. यातील 96 हा भारांक एका टायरने 710 किलो पेलावे असे सांगतो, तर एच हे अक्षर ताशी 210 किलोमीटरची मर्यादा दर्शवते. हायब्रिडचे वाढीव वजन लक्षात घेता मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये. अधिक टिकाऊ पण जड बांधणीचा टायर घेतल्यास मायलेज थोडे उतरते. गाडीत दोष निर्माण झाला असे समजून घाबरू नये. बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून वय कळते. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. बिल करण्यापूर्वी हे अंक अवश्य वाचावेत.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे दोन मागे बसवावेत. हा सल्ला अनेकांना उलटा वाटतो, कारण झिजतात पुढचे. परंतु ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

टायर फार लवकर झिजला किंवा बाजूला फुगा आला तर दाद कोठे मागावी? टायरची हमी बहुधा टायर बनवणारी कंपनी देते, गाडीची नव्हे. रोटेशन व अलाइनमेंटच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तर दावा बळकट होतो. नसतील तर दोष वापराचा ठरवला जातो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मात्र व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूंना ग्राहक संरक्षण कायद्यात स्थान नाही. गाडी पेढीच्या नावावर असेल तर हा आक्षेप निघू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

रस्त्यात टायर बसला तर

टायर ट्यूबलेस असतील, दाबसूचक यंत्रणा असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल, तर गाडीत स्टेपनी असण्याचे बंधन 2020 च्या नियमदुरुस्तीने काढून टाकले. हायब्रिडमध्ये बॅटरीने जागा व्यापल्यावर काही उत्पादकांना ही सवलत सोयीची ठरते. संचातील द्रव खिळ्याचे छिद्र बुजवतो. बाजूची भिंत फाटली तर तो निरुपयोगी असतो. आपल्या गाडीत स्टेपनी आहे की संच, हे लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

चाक बदलण्याआधी गाडी पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी. हायब्रिड निःशब्द उभी असली तरी ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर ती जिवंत असते. इंजिन केव्हाही सुरू होऊ शकते आणि गाडी हलूही शकते. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. नारिंगी रंगाच्या जाड तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना स्पर्श करू नये.

गाडी ओढून नेण्याची वेळ आली तर पुढची चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत. ती फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते आणि यंत्रणेची हानी होऊ शकते. सपाट ट्रकवर चढवूनच गाडी न्यावी, असा आग्रह टोइंगवाल्याकडे धरावा. घाईत असलेला माणूस दोरी बांधायला तयार होतो, म्हणून ही सूचना घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत हवी.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, पाच मिनिटे दाब मोजण्यास द्यावीत. चांगला दाबमापक काही शे रुपयांत मिळतो. मोजलेले चार आकडे, तारीख आणि गाडीचे किलोमीटर एका लहान वहीत टिपून ती गाडीतच ठेवावी. एकच टायर दर महिन्याला इतरांहून अधिक हवा गमावत असेल तर ही वही ते दोन नोंदींत सांगते; महामार्गावर कळण्यापूर्वी ते घरी कळलेले केव्हाही बरे.