छोट्या ट्रामचा मोठा आवाज

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. तिची घणघण घरातल्या एखाद्या वृद्धाला अजून आठवत असेल. अमेरिकेत ट्रामला ट्रॉली म्हणतात. तिकडच्याही बहुतेक शहरांतून ती गेली. हौशी लोकांच्या टेबलावर मात्र ती अजून धावते. त्यांच्याकडे जपानमध्ये पन्नास-साठ वर्षांपूर्वी बनलेल्या पितळी प्रतिकृती असतात. पुष्कळशा मूळ गाडीच्या १/८७ मापाच्या. १४ मीटरची गाडी १६ सेंटिमीटरची होते. दिसायला हुबेहूब, पण आवाज इवल्या मोटरच्या किरकिरीचा!

मग चालक पायाने वाजवी ती घंटाही १/८७ आकाराची करून बसवली तर? धातू आणि घडण तीच ठेवून घंटा जितक्या पटीने लहान करावी, तितक्या पटीने तिची कंपनसंख्या वाढते. मूळ घंटा सेकंदाला १,००० कंपने करीत असेल, तर छोटी ८७,००० करील. आपला कान २०,००० च्या पुढचे ऐकत नाही. म्हणजे घंटा वाजेल आणि कोणालाच ऐकू येणार नाही! म्हणून खऱ्या ट्रामचे ध्वनिमुद्रित आवाज चिपमध्ये साठवून गाडीत दडवलेल्या दोन सेंटिमीटरच्या स्पीकरमधून काढतात.

येथे दुसरी अडचण येते. स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो, त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात. खालच्या सुरांची तरंगलांबी मीटरहून मोठी असल्याने त्यांचे नुकसान सर्वांत जास्त. उपाय म्हणजे मागची बाजू हवाबंद डबीत कोंडणे. जुन्या खेळण्यातला स्पीकर गाणे चालू असताना पुठ्ठ्याच्या भोकावर घट्ट धरून पाहा; आवाज एकदम भरदार होतो.

ट्रामची खरी ओळख तिच्या दातेरी चाकांच्या गुरगुरीत असते. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर आणि आसावरील दातेरी चाकाला ६० दाते धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ४.८ फेरे घेते, म्हणून सूर सुमारे २९० कंपनांचा. वेग निम्मा झाला की सूरही निम्म्यावर. तो वेगाबरोबर चढला-उतरला नाही, तर सगळे नाटक खोटे वाटते.

चिपला वेग कळतो कसा? ती मोटरला प्रवाह सलग न देता तुकड्यातुकड्यांनी देते. मधल्या क्षणी फिरती मोटर डायनॅमो बनून वेगाच्या प्रमाणात विद्युत्‌दाब निर्माण करते. तो मोजून चिप सूर ठरवते. मला तरी यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

जुन्या गाडीत मात्र घाई महागात पडते. अशा मोटरचा एक ब्रश पुष्कळदा सांगाड्याला, आणि सांगाडा रुळाला जोडलेला असतो. साध्या प्रवाहावर त्याने बिघडत नाही. पण चिप जोडली, की रुळावरचा प्रवाह सरळ तिच्या मोटरकडच्या तारेत शिरून तिला क्षणात जाळतो. म्हणून तो ब्रश आधी सांगाड्यापासून अलग करावा. मग गाडी बोटाने रोखून, चाके रुळावर घसरत असताना अँपिअरमापकावर प्रवाह पाहावा. चिपची क्षमता १ अँपिअर आणि वाचन दीड आले, तर चिप बसवू नये. अशा वेळी जुना मंदावलेला चुंबक काढून निओडिमियमचा बसवतात. क्षेत्र प्रबळ झाले, की तेवढाच जोर कमी प्रवाहात मिळतो.