भाताची माती गाळणीला चालत नाही

तानसा धरण १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. भातसाही शहापूर तालुक्यातच. तरीही शहापूर-मुरबाडच्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात छपरांवरचे व रस्त्यांवरचे पाणी मात्र गाळ, तेल घेऊन ओढ्याला मिळते. झाडे लावलेल्या उथळ खड्ड्यात ते गाळून जमिनीत मुरविता येते. यश अवलंबून असते ते खड्ड्यातील मातीवर.

खाचरातील चिकण माती पाणी धरून ठेवते. भातासाठी हा गुण, गाळणीसाठी दोष. म्हणून मिश्रणात निम्म्याहून अधिक जाड वाळू, सुमारे दहावा हिस्सा पूर्ण कुजलेले खत आणि उरलेली हलकी माती असावी. दगडाची कृत्रिम वाळू घेतल्यास तिची भुकटी धुऊन काढावी, अन्यथा छिद्रे बुजतात. खत जास्त झाल्यास नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात.

मिश्रणाचा थर सुमारे २ फूट ठेवून वर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत लावावे. खाली कातळ असल्यास पाणी मुरणार नाही; मुरमाची जागा निवडावी. पाऊस थांबल्यावर २४ ते ४८ तासांत खड्डा रिकामा व्हायला हवा. पाणी रेंगाळू लागल्यास वरचा गाळ खरवडून काढावा. एवढी निगा राखली, तर गावचा पाऊस काही अंशी गावच्याच विहिरींना मिळेल.