यादी, बूथ आणि धर्माबादचा मतदार

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेड येथे जी मतमोजणी झाली, ती निवडणूकशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाने बारकाईने तपासावी अशी आहे. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे रिक्त झालेल्या लोकसभेच्या जागेची पोटनिवडणूक विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच, २० नोव्हेंबरला, घेण्यात आली. त्यामुळे विधानसभेला नायगाव आणि लोकसभेला नांदेड अशा दोन मतदारसंघांत मोडणारा धर्माबाद तालुक्याचा मतदार एकाच दिवशी, एकाच केंद्रात, दोन यंत्रांवर दोन वेळा आपले मत नोंदवून बाहेर पडला. निकाल लागला तेव्हा नायगावसह सहाही विधानसभा क्षेत्रे महायुतीकडे गेली होती, आणि त्याच सहा क्षेत्रांची मिळून बनलेली लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांच्या फरकाने जिंकली होती. एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार असावेत असा तेव्हाचा दंडक होता. म्हणजे सहा विधानसभा क्षेत्रांचा हा कौल एखाद्या भरगच्च केंद्रावरच्या मतदारांहूनही कमी मतांनी ठरला.

ज्या पक्षांनी प्रत्येक केंद्राची मोजदाद महिनोन्महिने केली होती, त्यांच्या दप्तरातही घराघरातून अशी विभागलेली मते नोंदलेली असतील असे मला वाटत नाही. तरीही ते दप्तर निरुपयोगी होते असे कोणी समजू नये.

त्या दप्तराचे मूळ शासनाच्या मतदारयादीत आहे. यादीच्या एका पानावर सुमारे तीस नावे असतात. प्रत्येकासमोर अनुक्रमांक, वडिलांचे अथवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक. एवढ्या अल्प मजकुरावर प्रचाराची सारी इमारत उभी राहते. 'पन्नाप्रमुख' म्हणजे अशा एका पानाचा जबाबदार कार्यकर्ता. तो आपल्या पानाची प्रत घेऊन गल्लीत शिरतो आणि नावापुढे खुणा करत जातो: हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा, हा पोरगा हैदराबादला कामाला, फोन करून बोलवावा लागेल, ही लेक लग्न होऊन गेली, हे आजोबा मयत, तरी नाव कायम. यादीला जे ठाऊक नसते ते तो तिच्यात भरतो, आणि पुढे तोच मजकूर मोबाईल क्रमांकांसह संगणकात चढतो. मतदानाआधीच्या दिवसांत स्लिपा वाटणे, केंद्रापासून शंभर मीटरच्या (२०२५ पूर्वी दोनशे) बाहेर टेबल लावणे, आत बसलेल्या मतदान प्रतिनिधीने झालेल्या मतदानाच्या नावांवर खूण करणे आणि दुपारनंतर राहिलेल्यांच्या दारात जाऊन 'मतदान काढणे', या सर्व क्रिया त्या एका पानाच्या आधाराने चालतात.

यादी शुद्ध ठेवणे हे तत्त्वतः केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे बहुधा गावातल्या शिक्षकाचे किंवा अंगणवाडीताईचे काम. नाव घालण्यास नमुना ६, वगळण्यास ७, दुरुस्तीस ८. नावाच्या नोंदीची ही निकड जुनी आहे: १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, नांदेड जिल्हा अद्याप हैदराबाद संस्थानाच्या वारशातून आलेल्या हैदराबाद राज्यात असताना, देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली, कारण त्यांनी आपले नाव न सांगता केवळ अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी एवढीच ओळख दिली होती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नोंद मान्य केली नाही. तो निर्णय कठोर होता आणि योग्यही होता, असे माझे मत आहे.

धर्माबादसारख्या तेलंगणाच्या सीमेवरच्या तालुक्यात हे काम अधिक नाजूक होते. पलीकडे बासरचे सरस्वती मंदिर आणि निजामाबादची बाजारपेठ; इकडे मिरचीचा मोठा बाजार आणि सिकंदराबाद-मनमाड रेल्वेमार्गावरचे स्थानक. सोयरीक दोन्ही बाजूंना, बोली दोन्ही बाजूंच्या. एका मनुष्याचे नाव दोन मतदारसंघांत असणे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने निषिद्ध आहे. परंतु लेक सासरी तेलंगणात गेली की इकडचे नाव कोणी वगळत नाही, आणि तेलुगू आडनाव मराठीत लिहिताना अक्षर बदलले की संगणकावर त्या नावाचा शोधच लागत नाही. 'दुबार', 'स्थलांतरित', 'मयत' हे नोंदवहीतले तीन शेरे येथे घराघरात जाऊन तपासावे लागतात. शिवाय तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात; कोणाच्या शेताला त्या पाण्याची आस आहे हे यादीत कोठेही नसते, आणि गावचा कार्यकर्ता ते न विचारता सांगतो. म्हणूनच मोठ्या शहरात बसून विकत घेतलेली माहिती येथे त्या कार्यकर्त्यावाचून अपुरी ठरते.

मला खरी चिंता वेगळ्या गोष्टीची वाटते. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पेट्यांतील मते मोजण्यापूर्वी एकत्र मिसळता येत असत, जेणेकरून कोणत्या वस्तीने कोणास मत दिले हे उघड होऊ नये. मतदान यंत्रे आल्यावर मोजणी केंद्रनिहाय होऊ लागली आणि तिचा तक्ता जाहीर होतो. व्यक्तीचे मत गुप्त राहिले. गावाचे राहिले नाही. यादीची खूण आणि केंद्राचा निकाल शेजारी ठेवले की सातशे-आठशे मतदारांच्या वस्तीने काय केले हे उमेदवाराला दिसते, आणि रस्ता, पाणी, सभागृह मागायला आलेल्या माणसांना तो तक्ता दाखवला जाण्याची शक्यता उरतेच. हे टाळण्यासाठी अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे 'टोटलायझर' वापरावे, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केली, विधी आयोगानेही २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तिला दुजोरा दिला. ती अद्याप अंमलात आलेली नाही. २०२५ मध्ये तर केंद्रावरील मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणण्याचे ठरले. रांगा आखूड होतील, म्हातारीकोतारी सुखावतील, हे खरे. पण केंद्र जितके लहान, तितका गावाचा कौल पक्षाच्या वहीत अधिक स्पष्ट उमटणार, आणि त्या वहीपासून धर्माबादच्या खेड्यापाड्यांचे रक्षण करणारा नियम त्यापूर्वीच व्हायला हवा होता.