वाढ कुठे थांबवायची?

कॅडमियम सेलेनाइडचे २ नॅनोमीटरचे स्फटिक अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, तर ६ नॅनोमीटरचे लाल. पदार्थ तोच, अणूंची रचनाही तीच. अर्धवाहकाने प्रकाश शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे धनभारित पोकळी उरते. मोठ्या स्फटिकात या जोडीला ऐसपैस जागा असते. एवढ्याशा कणात ती कोंडली जाते आणि तिची ऊर्जा वाढते. म्हणून कण जितका लहान, तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे झुकतो. हे कण म्हणजेच क्वांटम डॉट.

मग या कणांसाठीचे २०२३ चे नोबेल भौतिकशास्त्राऐवजी रसायनशास्त्राला का, असे कोणी विचारील. माझ्या मते ते योग्य ठिकाणीच गेले. अलेक्सेई एकिमोव्ह यांना काचेत आणि लुई ब्रुस यांना द्रावणात हा परिणाम १९८० च्या दशकाच्या आरंभीच दिसला होता. पण लहानमोठे कण एकत्र असले की रंगांचीही सरमिसळ होते. ही अडचण १९९३ मध्ये माउंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या द्रावकात त्यांनी कच्ची रसायने एकदम टोचली. क्षणात असंख्य स्फटिकबीजे तयार झाली, तापमान उतरले आणि नवी बीजे बनणे थांबले. एकाच दिवशी पेरलेल्या पिकासारखे सारे कण बरोबरीने वाढले. हवा तो रंग येताच वाढ थांबवायची! याला निव्वळ कारागिरी म्हणणे अन्यायाचे आहे. सिद्धांत खरा की खोटा हे तपासण्याजोगे एकसारखे नमुने या पद्धतीनेच हाती आले. पृष्ठभागावरचे अपुरे बंध मात्र ऊर्जा गिळत होते. १९९६ मध्ये झिंक सल्फाइडचे कवच चढवल्यावर शोषलेल्या प्रकाशकणांपैकी निम्मे प्रकाशरूपाने परत मिळू लागले.

कॅडमियम विषारी आहे, हा आक्षेप मात्र रास्तच. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील पदार्थांत त्याची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्के ठेवली आहे. त्यामुळे टीव्हीच्या पडद्यांत इंडियम फॉस्फाइड आले. पण त्याचा रंग आकारमानातल्या किंचित फरकानेही बदलतो. शिवाय फॉस्फरस देणारे नेहमीचे रसायन इतक्या वेगाने खर्ची पडते की पुढच्या वाढीला फारसे काही उरत नाही. पदार्थ बदलला, तरी सारी भिस्त वाढीवरच्या ताब्यावर राहिली. २०१९ मध्ये सॅमसंगच्या संशोधकांनी या कणांवरचा ऑक्साइडचा थर हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढत वर झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइडची कवचे चढवली, तेव्हा शोषलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण परत मिळाला.