फोडणीचा धूर आणि दुखण्याचा अलार्म

तुमच्या घरी कधी असं झालंय का? आई किंवा बाबा फोडणी देत असतात. मोहरी तडतडते, मिरचीचा ठसका लागतो आणि छतावरचा स्मोक अलार्म जोरात वाजायला लागतो. कुणी खिडकी उघडतं, कुणी अलार्मखाली टॉवेल हलवतं. आग कुठेच नसते, पण आवाज मात्र अगदी खरा असतो!

हा अलार्म लक्षात ठेवा. आजच्या पाठात तो पुन्हा येणार आहे.

दुखणं कशासाठी असतं?

हात गरम तव्याला लागला, तर तो लगेच मागे येतो. त्वचेतले मज्जातंतू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला धोक्याचा निरोप देतात. तिथून तो निरोप मेंदूकडे जातो. मेंदू विचारतो, "हे किती धोक्याचं आहे?" आणि मग आपल्याला दुखतं. म्हणजे दुखणं हा आपल्या शरीराचा अलार्म आहे. तो आपल्याला वाचवतो.

पण जखम जेवढी मोठी, तेवढंच दुखणं मोठं, असं नेहमी नसतं. 1995 साली एका ब्रिटिश वैद्यकीय मासिकात 29 वर्षांच्या एका बांधकाम कामगाराची गोष्ट छापून आली. त्याने उडी मारली आणि 15 सेंटिमीटर लांबीचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. त्याला इतकं दुखत होतं की खिळा जरासा हलला तरी सहन होत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला जोरदार औषधं दिली आणि बूट काढला. पाहतात तर काय, खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता! पायाला साधं खरचटलंही नव्हतं.

तो माणूस खोटं बोलत होता का? मुळीच नाही. त्याने खिळा पाहिला, मेंदूने धोका ओळखला आणि अलार्म वाजला. त्याचं दुखणं खरंच होतं.

अलार्म बंदच झाला नाही तर?

बहुतेक जखमा काही आठवड्यांत भरतात आणि दुखणं थांबतं. पण काही वेळा ते थांबत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला डॉक्टर 'दीर्घकालीन वेदना' म्हणतात. संधिवातासारखा आजार चालू असेल, तर त्याचं कारण सापडतं. पण कधी कधी जखम भरलेली असते, एक्स-रे चांगला येतो, तरी कंबर दुखतच राहते.

असं का होतं? आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जातंतूंचंही तसंच होतं. धोक्याचे निरोप बरेच दिवस येत राहिले, की मज्जारज्जू आणि मेंदू जास्त सावध होतात. मग हलका स्पर्श किंवा साधं वाकणंही दुखू लागतं. आग नाही, फक्त फोडणीचा धूर आहे, तरी अलार्म वाजतोच.

म्हणून "रिपोर्टमध्ये काही नाही" याचा अर्थ "तुला काही होत नाही" असा नाही. जगात कितीतरी लोकांना हे वाक्य ऐकावं लागतं आणि ते ऐकून त्यांना जास्तच एकटं वाटतं. आता जागतिक आरोग्य संघटनेनेही दीर्घकालीन वेदनेला आपल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली आहे. ही यादी 2022 पासून लागू झाली.

चोळल्यावर बरं का वाटतं?

कोपर टेबलावर आपटलं की आपण ते लगेच चोळतो. लहानपणी आईनेही तुमचा गुडघा चोळला असेल. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचं एक कारण सुचवलं. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. चोळल्यावर स्पर्शाचे निरोप तिथे पोहोचतात, आणि दुखण्याचे निरोप कमी पुढे जातात. मेंदूसुद्धा हे फाटक उघडू किंवा बंद करू शकतो. भीती, काळजी आणि अपुरी झोप यांनी ते जास्त उघडतं. मन शांत असलं, की ते थोडं बंद होतं. या कल्पनेत पुढे बरेच बदल झाले, पण मुख्य मुद्दा आजही उपयोगी आहे.

मग उपाय काय?

गोळ्या काही लोकांना मदत करतात, पण दीर्घकालीन वेदनेत फक्त गोळ्या पुरत नाहीत. अफूसारखी काम करणारी जोरदार औषधं तर फार जपून द्यावी लागतात. त्यांची सवय लागते. अमेरिकेत त्यामुळे खूप लोकांचे जीव गेले आहेत.

अलार्मला हळूहळू शिकवावं लागतं की आता धोका नाही. त्यासाठी रोज थोडं चालणं किंवा व्यायाम, चांगली झोप आणि भीती कमी करणारं समुपदेशन उपयोगी पडतं. एक चूक मात्र खूप जण करतात. बरं वाटलं की एकाच दिवशी सगळं घर आवरतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतात. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं चालावं आणि मग वेळ थोडा थोडा वाढवावा. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, पण दिवस पुष्कळ सोपे होतात.

मात्र दुखण्याबरोबर ताप आला, हातापायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर लगेच डॉक्टरांकडे जायला हवं.

तुमची मराठी इथे कामाला येते

आजी तुमच्याकडे राहायला आली आणि तिला डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तर तिचं बोलणं कोण समजावून सांगणार? कदाचित तुम्हीच! "आजीला दुखतंय" एवढंच सांगू नका. आधी तिला विचारा, "आजी, कसं दुखतंय गं? कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, जळजळ होते, की मुंग्या येतात?" जळजळ आणि मुंग्या यांवरून डॉक्टरांना मज्जातंतूंच्या त्रासाची शंका येऊ शकते. मेलझॅक यांनी 1975 साली अशाच 78 शब्दांची एक प्रश्नावली तयार केली. ती आजही वापरली जाते.

आणि आजी म्हणाली, "दुखतंय गं बाळा", तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. तिथूनच उपाय सुरू होतो.

शब्दार्थ

मज्जातंतू – शरीरातले निरोप नेणारे बारीक धागे
मज्जारज्जू – पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर
कळ – अचानक येणारं जोराचं दुखणं
ठणका – ठोके पडल्यासारखं दुखणं
चमक – विजेसारखं क्षणभर दुखणं
समुपदेशन – बोलून, समजावून केलेली मदत

प्रश्न

1. कामगाराच्या पायाला जखम नव्हती, तरी त्याला का दुखत होतं?
2. दूध आणि ताकाची म्हण या पाठात का आली आहे?
3. एकाच दिवशी खूप काम करणं का चुकीचं आहे?
4. घरातल्या मोठ्यांना विचारून दुखण्याचे आणखी तीन मराठी शब्द लिहा.